सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निसर्ग व वन्यजीवन

सिंधुदुर्ग हा महाराष्ट्राच्या कोकण विभागातील सर्वांत दक्षिणेचा जिल्हा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८,४९,६५१ आहे. उत्तरेस रत्नागिरी जिल्हा, पूर्वेस सह्याद्रीपलीकडे कोल्हापूर व बेळगाव, दक्षिणेस गोवा आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. समुद्रकिनारा व घाटमाथा यांतील सरळ अंतर बहुतेक ठिकाणी ४० ते ५५ किलोमीटरच भरते. या अरुंद पट्ट्यात प्रवाळ, पुळणी, खाड्या व कांदळवने, जांभ्याचे सडे, पाणथळ देवराया आणि सह्याद्रीतील सदाहरित अरण्ये एकामागून एक येतात. मुंबई–गोवा महामार्गाने उत्तरेकडून येणारा प्रवासी खारेपाटण येथे या जिल्ह्यात प्रवेश करतो.

भूरचना

लहान क्षेत्रात अनेक भूप्रदेश एकवटल्याचे जगातील सुपरिचित उदाहरण म्हणजे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षाही लहान आहे. तथापि प्रशांत महासागराचा किनारा, अँडीज पर्वत, ॲमेझॉनचे खोरे आणि किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवरील गालापागोस बेटे असे चार स्वतंत्र भूप्रदेश त्यात सामावले आहेत. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने १८०२ मध्ये तेथील चिंबोरासो हा पर्वत चढताना उंचीगणिक वनस्पती कशा पालटतात याच्या नोंदी केल्या आणि त्यातून वनस्पतिभूगोलाचा पाया घातला गेला. सिंधुदुर्गात अँडीजची उंची नाही. घाटमाथ्यावरील आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. येथे पालट घडतो तो मुख्यतः पाऊस आणि खडक यांमुळे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. त्यामुळे किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असलेले पावसाचे वार्षिक मान आंबोलीत सात हजारांच्या वर जाते.

खडकांतील विविधता प्रवाशाच्या सहसा ध्यानी येत नाही. जिल्ह्याच्या उत्तर भागात दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. खारेपाटणहून तळेरे मागे टाकून कासार्ड्यापाशी पोचले की पांढरी सिलिका वाळू दिसू लागते. कलादगी श्रेणीच्या प्राचीन वालुकाश्मापासून ती तयार झालेली आहे. त्याहून दक्षिणेस मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या भागांत अतिप्राचीन पट्टिताश्म व सुभाजा आढळतात आणि रेडीच्या परिसरात लोहखनिज मिळते. या सर्वांवर पश्चिमेकडे जांभ्याचे आच्छादन आहे. खडक बदलला की माती बदलते व मातीबरोबर झाडोरा बदलतो. जिल्ह्याच्या जैविक समृद्धीचे हे एक मूळ कारण आहे, आणि जिल्ह्यात खाणींना मागणी असण्याचे कारणही हेच आहे.

वाघोटण, देवगड, आचरा, गड, कर्ली आणि तेरेखोल या नद्या सह्याद्रीकडून पश्चिमेस वाहत येऊन खाड्यांच्या रूपाने समुद्रास मिळतात. तिलारी नदी गोव्यात शिरते. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळून घटप्रभा व कृष्णेच्या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे जाते. एकाच गावावर पडलेला पाऊस अशा रीतीने दोन समुद्रांत वाटला जातो.

खारेपाटण व वाघोटणची खाडी

खारेपाटण हे कणकवली तालुक्यातील गाव विजयदुर्गच्या खाडीमुखापासून आत सुमारे ४० किलोमीटरवर आहे. भरतीचे पाणी येथवर पोचते व घाटाकडून येणारे गोडे पाणी येथेच त्याला भेटते. पट्टण किंवा पाटण म्हणजे बंदराचे वा बाजारपेठेचे गाव. या गावाची भरभराट खाडीवरच झाली. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मधील ताम्रपट येथे सापडला. या शाखेच्या वंशावळीचा तो प्रमुख आधार आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण देण्याची तरतूद त्यात आहे. ताम्रपटांतून उल्लेखिलेले बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असे काही संशोधकांचे मत आहे. खाडीतून आलेला माल येथे उतरून घाटवाटांनी देशावर जात असे. आजही खारेपाटणहून भुईबावडा घाटाने गगनबावड्यास व तेथून कोल्हापुरास जाता येते.

घाटउतारांवरून वाहून येणाऱ्या मातीने खाडी उत्तरोत्तर उथळ झाली आणि मोठ्या गलबतांची ये-जा थांबली. पावसाळ्यात अतिवृष्टी आणि भरती यांची गाठ पडली की खारेपाटणची बाजारपेठ पाण्याखाली जाते. ही केवळ नागरी अडचण म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही. डोंगरावरील जंगल विरळ झाले की माती सुटते, गाळ वाढतो आणि नदीचे पात्र उथळ होते. घाटमाथा व बंदर यांचा संबंध या गावात जितका उघड दिसतो तितका जिल्ह्यात अन्यत्र क्वचितच दिसतो.

खारेपाटणच्या खाली खाडी रुंदावत जाते तशी दोन्ही काठांवर कांदळवने दाटतात. तिवर, कांदळ, चिपी आणि मारांडी या त्यांतील नेहमी आढळणाऱ्या वनस्पती होत. चिपीची पांढरी चिपी ही जात २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित झाली. कांदळाच्या मुळांच्या जाळ्यात कोळंबी, खेकडे व अनेक माशांची पिल्ले वाढतात. म्हणून खाडी ही समुद्रातील मासेमारीची पाळणाघर मानली जाते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात व खडकांवर स्त्रिया मुळे, तिसऱ्या आणि कालवे गोळा करतात. खंड्या, बगळे व हिवाळ्यात येणारे चिखलपक्षी येथे दिसतात. ऊद, म्हणजे पाणमांजर, जिल्ह्याच्या खाड्यांत व नद्यांत अद्याप टिकून आहे. त्याच्या पायांचे ठसे व विष्ठा काठावर आढळतात. तो स्वतः मात्र पहाटे किंवा संध्याकाळी, तेही दैव असेल तरच दृष्टीस पडतो. वेंगुर्ल्यातील मांडवी खाडीत एका महिला बचत गटाने होडीतून कांदळवन दाखविण्याचा उपक्रम सुरू केला असून कांदळवन उभे ठेवून त्यावर उपजीविका करण्याचा तो चांगला नमुना आहे.

सडे

देवगड, मालवण व कुडाळ तालुक्यांत जांभ्याची विस्तीर्ण सपाट पठारे आहेत. त्यांना स्थानिक भाषेत सडा किंवा कातळ म्हणतात. जानेवारी ते मे या काळात सडा तापलेला, काळपट व निर्जीव भासतो. महसुली दप्तरात त्याची नोंद बहुधा पोटखराबा किंवा पडीक अशी असते. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांतच हे रूप पालटते. खोलगट जागी पाणी साचते, भेगांतून गवत उगवते आणि श्रावण-भाद्रपदात सडा फुलांनी भरतो. सीतेची आसवे, गेंद, तेरडा व कवला यांचे निळे, पांढरे, जांभळे, पिवळे पट्टे एकमेकांस लागून उमटतात. दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती केवळ कोकण व त्यालगतच्या प्रदेशातील कातळावर वाढते. जगात अन्यत्र ती नाही. सीतेची आसवे व दवबिंदू या वनस्पती कीटकभक्षी आहेत. कातळावरील मातीच्या पातळ थरात नत्र अत्यल्प असल्याने ही उणीव त्या सूक्ष्म जीव पकडून भरून काढतात.

टिटवी व चंडोल सड्यावरच जमिनीवर अंडी घालतात. विषारी फुरसे हे या कातळांचे ख्यातनाम रहिवासी. दगड उचलताना वा अंधारात चालताना त्याचे भान ठेवावे लागते. पावसाचे पाणी जांभ्याच्या भेगांतून झिरपत जाऊन पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते व खालच्या वाडीतील विहिरी त्यावर भरतात. सडा पडीक मानून तो सुरुंगाने फोडणे, चिरेखाणी काढणे अथवा संपूर्ण सपाट करून कलमबागा उभारणे याचा परिणाम म्हणूनच फुलांपुरता मर्यादित राहत नाही. देवगडचा हापूस याच कातळावर पिकतो हे खरे; तो जिल्ह्याचा आर्थिक कणा आहे आणि कातळ फोडून बाग उभी करणाऱ्या शेतकऱ्याचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु सड्याचा कोणता भाग राखावा व कोणता वापरावा हे ठरविण्यासाठी त्याला आधी सरकारी कागदावर ‘पडीक’खेरीज काही तरी ओळख मिळावी लागेल.

मालवण तालुक्यातील कुडोपी येथे सड्यावर माणसे, प्राणी व भौमितिक आकृत्या कोरलेली कातळशिल्पे आहेत. कोकणातील अशा नऊ स्थळांचा गट २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला असून कुडोपीचा त्यात अंतर्भाव आहे.

समुद्र व किनारा

जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे. मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. त्याच्या सभोवतालच्या उथळ खडकाळ समुद्रात प्रवाळ आढळतात. १९८७ मध्ये येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य होय. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास प्रारंभापासून विरोध केला आणि तो विरोध पुरता मावळलेला नाही. दुसऱ्या बाजूस, प्रवाळ पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे स्नॉर्कलिंग व स्कूबा डायव्हिंग हा मालवण, तारकर्ली व देवबाग येथील मोठा व्यवसाय झाला. नांगर टाकल्याने व प्रवाळावर पाय दिल्याने ते तुटतात. वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने वाढणाऱ्या या जीवांना ही हानी भरून काढण्यास दीर्घ काळ लागतो.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे पाण्याखालील पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खोल असून त्यावर प्रवाळांची समृद्ध वसाहत आहे. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्यास हे नाव पडले.

बांगडा, पेडवे व सौंदाळे ही या किनाऱ्याची नित्याची मासळी. अर्धवर्तुळात जाळे टाकून ते अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढण्याची रापण ही येथील जुनी सामुदायिक पद्धत असून तीत सहभागींना वाटा मिळतो. यांत्रिक पर्ससीन जाळ्यांमुळे थव्याने फिरणारी मासळी खोल समुद्रातच उचलली जाऊ लागली आणि पारंपरिक मच्छीमारांशी संघर्ष उद्भवला. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर क्षेत्र व हंगामाचे निर्बंध घातले. त्यांच्या अंमलबजावणीविषयीच्या तक्रारी अद्याप चालू आहेत.

पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगत वावरतात. सागरी गरुड किनाऱ्यावरील उंच झाडांवर वर्षानुवर्षे तेच घरटे डागडुजी करून वापरतो. तांबळडेग, वायंगणी, शिरोडा इत्यादी पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्री येऊन अंडी घालतात. पूर्वी ही अंडी खणून नेली जात. आता अनेक गावांतील कासवमित्र ती कुंपण घातलेल्या जागेत हलवून राखतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडतात. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात असलेल्या खडकाळ बेटांतील गुहांमध्ये भारतीय पाकोळी हा पक्षी लाळेने घरटी बांधतो. पूर्व आशियात ही घरटी खाद्य म्हणून विकली जात असल्याने त्यांची येथून तस्करी होत असे. हा पक्षी आता कायद्याने संरक्षित आहे.

घाट, आंबोली व तिलारी

पूर्वेकडील करूळ, भुईबावडा, फोंडा व आंबोली या घाटांनी सह्याद्री चढता येतो. फोंडा घाटाच्या माथ्यावर कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्य लागते. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य १९५८ मध्ये स्थापन झाले. गवे जिल्ह्याची हद्द जाणत नसल्याने घाटाखालच्या शेतांतही ते उतरतात.

आंबोलीचे महत्त्व मोठ्या प्राण्यांपेक्षा लहान जीवांमुळे अधिक आहे. झँथोफ्राइन टायग्रीना, म्हणजेच आंबोली भेक, याचे वर्णन २००९ मध्ये झाले. अंगावर वाघासारखे पिवळे-तपकिरी पट्टे असलेला हा छोटा भेक पावसाच्या आरंभी कातळावरील बोटभर पाण्यात अंडी घालतो. त्याचे ज्ञात क्षेत्र अत्यंत मर्यादित असून तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. पायविहीन उभयचरांतील गेगेनिओफिस डॅनिएली हे देवगांडूळ २००३ मध्ये आंबोलीहूनच विज्ञानास ज्ञात झाले. याखेरीज झाडावरून झाडावर तरंगत उतरणारा मलबारी उडता बेडूक आणि हिरव्या, तपकिरी अशा अनेक रंगांत आढळणारा मलबारी चापडा येथे पावसाळ्यात दिसतात. या जीवांचा प्रजननकाळ आणि धबधबे पाहण्यास येणाऱ्या पर्यटकांची गर्दी एकाच वेळी येते. रात्री रस्त्यावर वाहनांखाली चिरडले जाणे हा बेडकांच्या मृत्यूचा एक ठळक प्रकार आहे. आंबोलीतील पावसाळी शनिवार-रविवारच्या वाहतुकीवर रात्रीपुरते नियंत्रण आणणे अशक्य कोटीतले मानता येत नाही.

हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या देवस्थानाच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा लहानसा मासा राहतो. त्याचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये झाले व पुढील वर्षी मंदिर परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील देवराईत रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची पाणथळ राई आहे. चिखलातून वर आलेली व गुडघ्याप्रमाणे वाकलेली श्वसनमुळे ही तिची खूण. सुमारे अडीच हेक्टरांची ही राई २०२१ मध्ये वारसा स्थळ ठरली. दोन्ही स्थळांचे रक्षण कायद्याने नव्हे तर देवाच्या धाकाने झाले होते. देवराईतील काटकी उचलू नये, कुंडातला मासा धरू नये, हे दंडक सरकारी अधिसूचनेपेक्षा कितीतरी जुने आहेत. इक्वेडोरने गालापागोसच्या बहुतांश भूमीवर १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. सिंधुदुर्गात मात्र सडे, देवराया व खाजणे गावांच्या वा खाजगी मालकीची आहेत, आणि तेथील निसर्गाचे भवितव्य गावकऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून आहे.

तिलारी, आंबोली व दोडामार्ग यांमधील जंगलात वाघ, बिबटा, अस्वल, शेकरू, खवले मांजर व धनेशाच्या अनेक जाती आढळतात. उत्तरेतील सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि दक्षिणेतील गोवा व कर्नाटकची जंगले यांना जोडणारा हा भ्रमणमार्ग आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्गात शिरले व पुढे कुडाळपर्यंत पोचले. भात, केळी व माडांच्या बागांची त्यांनी मोठी हानी केली, माणसेही दगावली. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले. त्यांतील दोन बंदिवासात मृत्यू पावले. प्रश्न त्यामुळे सुटला नाही, कारण हत्ती त्यानंतरही येत राहिले. माड वाढून फळाला यायला सात-आठ वर्षे लागतात आणि तो एका रात्रीत आडवा होतो. केवळ चालू वर्षाच्या उत्पन्नावर बेतलेली नुकसानभरपाई अशा बागायतदाराला न्याय देऊ शकत नाही.

२०२० मध्ये तिलारी परिसरातील सुमारे २९.५ चौरस किलोमीटर वनक्षेत्रास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यानंतर आंबोली–दोडामार्ग या सुमारे ५७ चौरस किलोमीटर क्षेत्रासही तो देण्यात आला. दोहोंची बेरीज जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मधील अहवालात जिल्ह्यातील खाणींविषयी स्पष्ट चिंता व्यक्त केली होती. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये लोहखनिजाच्या खाणीत साठलेले पाणी बांध फुटून खालच्या वस्तीत व शेतांत शिरले. सावंतवाडी–दोडामार्ग भ्रमणमार्गातील २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिले.

प्रवास

कोकण रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग ६६ व २०२१ मध्ये सुरू झालेला चिपी विमानतळ यांमुळे जिल्हा गाठणे सोपे झाले आहे. खारेपाटणहून विजयदुर्गकडे, गगनबावड्याकडे आणि कणकवलीमार्गे दक्षिणेकडे असे तीन वेगळे भूप्रदेश एकाच मुक्कामातून पाहता येतात. आंबोलीतील उभयचरांसाठी जून-जुलै, सड्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर आणि डॉल्फिन व प्रवाळांसाठी नोव्हेंबरपासूनचे महिने योग्य ठरतात. कासवाची पिल्ले सामान्यतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात समुद्रात जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते व पावसाळ्यात पर्यटक होड्याही चालत नाहीत. सड्यावर फिरताना मळलेल्या पायवाटेनेच जावे, कारण फुलांखालचा मातीचा थर बोटभरही जाड नसतो.